आसवातलं काडेकिराईत

द्राक्षासव मी आजही घेते. जेवण झाल्यावर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. औषधाच्या दुकानात सीलबंद बाटली मिळते, तिच्यावर द्राक्षांचा घड छापलेला असतो. मुलगा आणून देतो, मी बिनतक्रार पिते, पण मला ते आवडत नाही. नुसतं गोड असतं, आणि गोडाच्या मागून काही येत नाही. चांगलं आसव कसं लागतं ते मला एका बाईनं शिकवलं होतं, आणि तिनंच ते पुढे माझ्या हातून नासवून घेतलं. ती बाई म्हणजे माझी सासू.

नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि घाटंजीजवळच्या एका खेड्यात मी नांदायला गेले. सासू-सासरे दोघंही नागपूरला जाऊन आलेले. देव्हारा घरातून गेला होता, भिंतीवर तेलकट डाग तेवढा उरला होता आणि त्याच्यावर दोन तसबिरी लावल्या होत्या. मी सातवी शिकलेली, त्यामुळे सासरी माझं कौतुक होतं, आणि मला माझं त्याहून जास्त होतं. ते आत्याबाईंनी आठवडाभरात उतरवलं. सासूला मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामाजी.

झालं असं की चांगल्या पाण्याची विहीर लांब होती. मी आळस केला आणि नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी वरणात घातलं. आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि खाली ठेवला.

"नाल्याकडलं पाणी कायले घातलं वं? डाळ शिजली नाही, नुसती फुटली. आन् हळद बी मागाहून टाकली."

मला इतका राग आला! लोकांच्या सासवांची जीभ बोलायला तिखट असते, म्हणतात. माझ्या नशिबी चाखायला तिखट आली. माहेरी गेले तेव्हा मी आईजवळ रडले होते, की ती बाई जेवत नाही, झडती घेते.

त्या जिभेची ख्याती जुनी होती. त्यांचं माहेर मारेगावकडचं. तिकडे मोहाची झाडं, आणि दीक्षेच्या आधी लग्नकार्यात मोहाची काढायचे. ती उतरायला लागली की पहिल्या धारेची वाटीभर आत्याबाईंपुढे यायची, मग त्या नव्या नवरी असोत नाहीतर लेकुरवाळ्या. प्यायच्या म्हणाल तर एक घोट. तो तोंडात धरायचा, गिळायचा आणि सांगायचं: फुलं ओलीच भिजवली, आचेची घाई केली, मडकं नीट धुतलं नाही. त्या 'बरी हाय' म्हणाल्या की बाप्यांचे चेहरे खुलायचे. वस्तीतल्या बाकीच्या बायका त्या दिवसांचं नाव निघालं की पदर तोंडाशी न्यायच्या. आत्याबाई मात्र राहून सोडलेल्या गावाबद्दल बोलावं तशा बोलायच्या. लाज नाही आणि हौसही नाही.

नागपूरहून आल्यावर वस्तीत सगळ्यांनी दारूची मडकी फोडली. आत्याबाईंनी नाही फोडलं. "मडक्यानं काय केलं बापा?" म्हणाल्या. राखेनं घासघासून धुतलं, उन्हात पालथं घातलं आणि त्यात तुरी भरल्या. मामाजींना ते पटलं नव्हतं. ते वस्तीत रोज संध्याकाळी पंचशील म्हणून घ्यायचे, आणि त्यांच्याच घरात ते मडकं! पण आत्याबाईंपुढे त्यांचं काही चालत नसे.

अशी चार-पाच वर्षं गेली. मला मुलगा झाला. माझा राग केव्हा गेला ते मला कळलं नाही. एका पोळ्याला मी पुरणात जायफळ घालताना मनात म्हटलं, आत्याबाईंना कळेल का पाहू, आणि मला हसू आलं. त्यांना अर्थातच कळलं.

मग त्यांचं जेवण तुटलं. आधी भाकरी अर्धी झाली, मग चतकोर, मग नुसतं ताक. पोटात काही ठरेना. अंगावरचं लुगडं दोनदा गुंडाळावं लागायला लागलं. यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, मामाजींना बाजूला घेतलं आणि सांगितलं, गाठ आहे, नागपूरला न्या, पण नेऊनही फार उपयोग होईल असं वाटत नाही. मामाजी बाहेर आले आणि आम्हाला म्हणाले, "अशक्तपणा हाय म्हणते." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले. आत्याबाईही समजल्या असाव्यात. त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

माझा नवरा यवतमाळला जिनिंगमध्ये कामाला होता. त्याच्या ओळखीचे एक म्हातारे वैद्य बाजारामागच्या गल्लीत बसायचे. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, आणि म्हणाले, "रोग मोठा आहे, बाई. मी तो काढू शकत नाही. पण जेवायला लावीन." त्यांच्या मागे चिनी मातीच्या दोन मोठ्या बरण्या होत्या. एकीत द्राक्षासव, दुसरीत दशमूळांचं अरिष्ट. दोन्ही त्यांनी घरीच घातलेली. दोन्हींमधलं निम्मं-निम्मं त्यांनी एका बाटलीत ओतलं आणि बाटली उलटीसुलटी केली.

"नुसतं द्राक्षासव जिभेला लाडावतं, नुसतं दशमूळ तोंड आवळून टाकतं," ते म्हणाले. "दोघांना एकत्र नांदवावं लागतं. दोन घास खायचे आणि वर हे घ्यायचं. तिसरा घास आपण होऊन मागाल."

फार महागही नव्हतं ते. एका कोंबडीच्या किमतीत दोन बाटल्या आल्या असत्या. आमच्यासारख्यांना परवडणारं औषध मिळालं म्हणून मामाजी गाडीत खूश होते.

त्या संध्याकाळी आत्याबाई दारात बसल्या. मी जर्मनच्या वाटीत आसव ओतून दिलं, पाणी घातलं. त्यांनी वाटी उजेडाकडे धरली. लालभडक नव्हतं ते, गडद होतं, पण कडेला जिथे पातळ होतं तिथे उजेड आरपार जायचा. त्यांनी आधी वास घेतला. मग एक घोट तोंडात धरला, आणि मी पहिल्यांदा त्यांचा तो चेहरा पाहिला, ज्याच्याकडे एके काळी मांडवातले बापे टक लावून बसायचे. डोळे मिटलेले, भुवया जराशा वर. घोट गिळला आणि डोळे तसेच मिटून ठेवले.

"काय झालं, आत्याबाई? कडू हाय का?"

"नाही वं. पहिले गोड येते. मंग आंबट. मंग मागून तुरट येते आन् गोडाले घरी पाठवते. शेवटी छातीत ऊन. कोणी कोणाले दाबत नाही."

"म्हणजे सासू-सुनेसारखं नाही," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मग म्हणाल्या, "यात धायटीचं फूल हाय. लहानपणी आम्ही रानात धायटीची लाल फुलं तोडून चोखत होतो, अंदर मध राहते. थोच तुरटपणा हाय हा." आणि त्यांनी भाकरी मागितली. अंबाडीच्या भाजीबरोबर अर्धी भाकरी खाल्ली. मामाजी आत बसले होते, ते उठून बाहेर आले आणि नुसते पाहत उभे राहिले.

पुढचे दिवस आमच्या घराला सणासारखे गेले. कोणी म्हणेल, सणासारखं काय होतं त्यात? एक बाई भाकरी खात होती, एवढंच. पण ज्या घरात जेवण तुटलेलं माणूस असतं त्या घराला विचारा. मी रोज काही नवं करून पाहायचे. त्या खायच्या, नावं ठेवायच्या, आणि नावं ठेवली की मला बरं वाटायचं. एक दिवस वाटीतला शेवटचा घोट त्यांनी माझ्यापुढे केला.

"घे. पोराले पाजणारी बाई हायेस, तुले चांगलं हाय. पण गिळाची घाई करू नोको. जिभेवर थांबू दे त्याले."

मी थांबू दिलं. गोड आलं, गेलं. आंबट आलं. मग जिभेच्या कडांना कशानं तरी धरलं आणि सोडलं, आणि पोटात ऊब उतरली. मला वाटलं, एवढ्या एका घोटात इतक्या गोष्टी असतात आणि मी आजवर सगळं नुसतं गिळत आले. त्या माझ्याकडे पाहत होत्या. "कळलं ना?" म्हणाल्या. मी मान हलवली. सासू आणि सून दारात बसून वाटी चाटतायत, हे कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. मला त्या दिवसाइतकं कोणी आपलं मानलं नव्हतं.

पंधरवडा गेला असेल. एका संध्याकाळी मी वाटी पुढे केली आणि त्यांनी हात आडवा केला.

"नोको."

"काहून?"

"दारू हाय थे."

मामाजी म्हणाले, "औषध हाय वं. वैद्यानं देल्लं."

"औषध हाय, माहीत हाय. पण मी आज दुपारपासून वाट पाहून राह्यली. ऊन दारातून कधी हटते आन् वाटी कधी येते. औषधाची कोणी वाट पाह्यते का?"

पाचवं शील, दारू न पिण्याचं, मामाजी वस्तीला रोज समजावून सांगायचे. तेच आता खाली बसले, आत्याबाईंच्या पायाजवळ. मी त्यांना कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "घे ना," म्हणाले. "जे काय पाप असन थे माह्यावर."

"पाप-बीप आपल्यात नाही आता. शब्द हाय. थो शब्द माहा हाय, तुमच्यावर कसा टाकू?"

आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. मला पटवून द्यायची त्यांना गरज वाटली असावी, कारण मी वाटी हातात धरून रडत होते.

"पाह्य पोरी. माह्यं लग्न केलं तवा मले कोणी इचारलं नाही. नाव बदललं, गाव बदललं, नाही इचारलं. पोरं झाली, गेली, कोणी इचारलं नाही. तिथं नागपूरले मले म्हणायले लावलं, माह्या तोंडानं. आन् म्या म्हटलं. उन्हात उभं राहून म्हटलं. थे एकच हाय माह्यं."

मला त्या शब्दाचा रागच आला. वाटलं, हा कसला शब्द, जो भुकेल्या बाईच्या तोंडातून भाकरी काढून घेतो? वस्तीत खुशाल लपून पिणारे होते. सकाळी शील म्हणायचे आणि रात्री भिंत धरून घरी यायचे. त्यांना काही होत नव्हतं, आणि माझी सासू दोन चमच्यांसाठी उपाशी मरत होती.

बाटली कोनाड्यात राहिली. जेवण पुन्हा तुटलं. चतकोर, मग ताक, मग ताकही परत यायला लागलं. मामाजी घासघास घेऊन मागे लागायचे आणि त्या तोंड मिटून घ्यायच्या. रुसल्या नव्हत्या त्या. गिळवतच नव्हतं. एक दिवस माझा धीर सुटला. सासूवर ओरडण्याची माझी काय टाप, पण मी ओरडले.

"तुम्हाला ते आवडते म्हणून तुम्ही घेत नाही ना? मग मी ते इतकं कडू करून देते की तुम्ही वाट पाहणार नाही. तेव्हा तरी घ्याल?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांत ते जुनं, झडती घेणारं हसू आलं.

"कशानं कडू करशील?"

"काडेकिराईतानं."

"किराईत चांगलं हाय," त्या विचार करून म्हणाल्या. जणू मी भाजीला फोडणी कशाची घालू विचारलं होतं. "कडूलिंब नोको. कडूलिंब मले जराजरासा आवडते."

घाटंजीच्या बाजारात तापावर म्हणून काडेकिराईताच्या जुड्या मिळायच्या. मी एक आणली आणि पाणी आटून काळं होईपर्यंत उकळली. वाटीत आसव ओतलं. तोच रंग, तोच वास, आणि त्यात मी तो काढा घातला. कारलं तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच, असं म्हणतात. आमच्या घरी उलटं चाललं होतं. इतकं नीट जुळलेलं, कोणी कोणाला न दाबणारं, आणि मी त्यात असा एक आणून बसवला की बाकी सगळे उठून गेले. मी बोट बुडवून चाखलं. माझे डोळे घट्ट मिटले गेले.

आत्याबाईंनी एका दमात घेतलं. आधी वास नाही, उजेडाकडे धरणं नाही. तोंड वाकडं केलं, कान धरल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "हां. हे औषध झालं."

आणि थोड्या वेळानं त्यांनी दोन घास खाल्ले.

पुढे चालत राहिलं ते. नवरा महिन्याला बाटली आणायचा. वैद्य त्याला विचारायचे, "आवडतं ना त्यांना?" आणि तो "हो" म्हणून यायचा. रोज संध्याकाळी चुलीवर किराईत उकळायचं, घरभर तो वास. आत्याबाई वाटी तोंडाला लावायच्या आणि तोंड वाकडं करायच्या, आणि मामाजी मान फिरवायचे. जेवण पूर्वीसारखं कधी झालं नाही, पण चालू राहिलं. पावसाळा गेला. मुलगा चालायला लागला आणि त्यांच्या खाटेला धरून फिरायला लागला. त्या त्याच्या तोंडात बोटानं वरण घालायच्या आणि त्याचं तोंड पाहायच्या. "याले चव हाय," म्हणाल्या एकदा. "तुह्यावर नाही गेला." मी खोटं खोटं रागावले.

एकदा मी विचारलं, "आत्याबाई, कधी आठवते का? कडू न केलेलं?"

"आठवते ना. नाही आठवाचं, असा का शब्द देल्ला होता?"

कापसाची वेचणी सुरू झाली तसं त्यांचं उठणं बंद झालं. सगळी वस्ती वावरात. मामाजींनाही जावं लागायचं, घर चालायला हवं होतं. मी घरी राहायचे. त्यांना ग्लानी यायची. डोळे उघडले की मला ओळखायच्या. पाणी चमच्यानं जायचं. वैद्यांनी सांगून पाठवलं होतं, आता औषध दिलं नाही तरी चालेल.

त्या दुपारी वाऱ्यानं दार हलत होतं. त्यांनी डोळे उघडले, ओठ हलवले. मी वाकले. "औषध," म्हणाल्या. एवढ्यातही त्यांनी नेम चुकू दिला नव्हता. मी चुलीपाशी गेले. किराईताचं भांडं झाकून ठेवलेलं होतं. मी बाटली घेतली, वाटीत ओतली आणि भांड्याला हात लावला नाही.

खूप विचार वगैरे केला असं मी म्हणणार नाही. मनात एवढंच आलं की ही बाई आता चालली, आणि तिनं जाताना तोंडात कडू का घेऊन जावं? शब्द तिचा होता, तिनं पाळला. वाटी माझी होती. तिला कळणार, हे मला ठाऊक होतं. तिला जायफळ कळायचं, विहीर कळायची. कळू दे. रागावली तर रागावू दे. तिचा तो चेहरा मला एकदा पाहायचा होता, डोळे मिटलेले, भुवया जराशा वर.

मी मान उचलून धरली आणि चमच्यानं दिलं. पहिला चमचा ओठांवरून थोडा ओघळला, बाकीचा आत गेला. मी पाहत राहिले.

आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं.

अगदी रोजच्यासारखं. नाक मुरडून, गाल आत ओढून. मला वाटलं मी चुकून काढा घातला. मी घाईघाईनं वाटीत बोट बुडवून चाटलं. गोड होतं. मग आंबट, मग ते धायटीचं तुरट. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांचीच जीभ गेली होती. वीस गावांत जिच्या शब्दावर मांडव हलायचा ती जीभ माझ्या हातात संपली होती आणि मी एक दिवस उशीर केला होता, की महिनाभर, कोण सांगणार?

त्यांनी माझा हात धरला. हातात जोर नव्हता, पण धरला.

"लय कडू केलं आज," त्या म्हणाल्या. "बरं केलं पोरी. तू हायेस म्हणून माहा शब्द राह्यला."

मी "हो, आत्याबाई" म्हटलं, आणि उरलेले चमचेही त्यांना पाजले.